वाचकांचे प्रश्न : समुद्रातल्या ठिणगीचे गोत

मागील अंकात, कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा फुटताना निळसर उजेड दिसतो, त्याविषयीचे एक टिपण प्रसिद्ध झाले होते. तो उजेड बहुधा नॉक्टिल्युका सिंटिलन्स या एकपेशीय जीवाचा असतो आणि हा जीव डायनोफ्लॅजेलेट नावाच्या गटात मोडतो, एवढेच त्यात सांगितले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न उजेडाविषयी नसून या गटाच्या नात्यागोत्याविषयी आहेत. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जुहूच्या किनाऱ्यावर हा निळा उजेड दिसल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून मी या जीवाविषयी वाचत आहे. एका लेखात तो हिवतापाच्या परजीवीचा नातलग असल्याचे वाचले. एक खाऱ्या पाण्यात तरंगणारा, दुसरा डासाच्या आणि माणसाच्या शरीरात राहणारा. यांचे नाते कोणी आणि कशावरून जुळवले? (एक निवृत्त शिक्षिका, गुहागर)

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. हे नाते नुसत्या डोळ्यांना पटणारे नाही, ही आपली शंकाही रास्त आहे.

बहुतेक डायनोफ्लॅजेलेटांना दोन कशाभिका असतात. एक पेशीच्या कमरेभोवतीच्या खोबणीत आडवी वळवळते, दुसरी मागे लांबवर सुटलेली असते, आणि त्या दोघींच्या जोरावर पेशी भोवऱ्यासारखी गिरक्या घेत पुढे सरकते. गटाचे नावही गिरकीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. हिवतापाचा परजीवी प्लाझमोडियम याच्यात असे काहीच दिसत नाही. तरीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोघांत एक समान गोष्ट आढळते : पेशीच्या बाह्य आवरणाच्या लगेच खाली चपट्या पिशव्यांचा एक थर असतो. कवचधारी डायनोफ्लॅजेलेटांमध्ये कवचाच्या सेल्युलोजच्या ताटल्या याच पिशव्यांत तयार होतात, तर प्लाझमोडियममध्ये याच थराच्या आधाराने परजीवी सरकतो आणि यजमानाच्या पेशीत शिरतो. शालेय पुस्तकांतून आपल्याला माहीत असलेला पॅरामेशियम ज्या गटातला आहे, त्या रोमकधारी जीवांतही तसाच थर असतो.

मात्र पिशव्यांच्या साम्यावर एवढे मोठे नाते उभे करायला कोणी धजले नसते. १९९१ च्या सुमारास रायबोसोमच्या लहान घटकातील आरएनएच्या जनुकाचे अनुक्रम शेजारी शेजारी मांडले गेले, तेव्हा हे तिन्ही गट एका शाखेवर आले, आणि त्यातही रोमकधारी आधी वेगळे झाले असून प्लाझमोडियमचा गट व डायनोफ्लॅजेलेट हे एकमेकांचे अधिक जवळचे आहेत, असे दिसले. हे जनुक सुमारे १,८०० अक्षरांचे, म्हणजे ओळीने मांडलेल्या डीएनएच्या घटकांचे, आहे. रायबोसोम हा प्रत्येक पेशीतील प्रथिने घडवणारा कारखाना असल्यामुळे ते सर्व सजीवांत असते आणि त्यात बदल बेताने साचतात. एकाच मूळ पोथीच्या पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेल्या नकला पाहून, ज्या दोन नकलांत तीच तीच चूक आहे त्या एकाच जुन्या नकलेवरून उतरल्या असाव्यात, असे अनुमान अभ्यासक करतात. जनुकांच्या बाबतीत तर्काची मूळ दिशा हीच आहे.

पुढे दोन शोधांनी हे नाते अनपेक्षित बाजूंनी भक्कम केले. १९९० च्या दशकात प्लाझमोडियमच्या पेशीत सुमारे ३५,००० अक्षरांचे वर्तुळाकार डीएनए असलेला एक लहान अवयव ओळखला गेला, आणि तो चक्क हरितलवकाचा अवशेष निघाला. रक्तात राहणारा हा परजीवी सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या पूर्वजाचा वंशज आहे, हे वाक्य मी कितीदाही लिहिले तरी मला त्याचे नवल वाटायचे थांबत नाही. डॉक्सिसायक्लिन हे औषध हिवतापावर चालते, तेही याच अवशेषातील प्रथिननिर्मिती रोखून. नंतर २००८ मध्ये सिडनी बंदरातील प्रवाळापासून वेगळ्या केलेल्या क्रोमेरा व्हेलिया या जीवाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे हरितलवक पूर्ण कामात होते आणि जनुकांच्या दृष्टीने तो प्लाझमोडियमच्या गटाचा निकटचा भाऊबंद होता. त्याच्या मदतीने हिवतापाच्या परजीवीतील अवशेष आणि डायनोफ्लॅजेलेटांचे हरितलवक ही दोन्ही लाल शैवालाच्या वंशातली आहेत, हे दाखवता आले.

याच सांध्यावरचा आणखी एक जीव म्हणजे कालवांना रोग लावणारा पर्किन्सस. १९५० मध्ये त्याचे पहिले वर्णन झाले तेव्हा त्याला बुरशी समजले गेले, १९७८ मध्ये त्याला प्लाझमोडियमच्या गटात बसवले गेले, आणि अनुक्रम हाती आल्यावर तो डायनोफ्लॅजेलेटांच्या बाजूच्या अगदी आरंभीच्या फांदीवर जाऊन बसला. जीव तोच होता, त्याचे घर मात्र अवघ्या पन्नास वर्षांत दोनदा बदलले.

प्रश्न : प्रकल्पासाठी वाचन करताना मला एका शोधनिबंधातील वंशवृक्षात नॉक्टिल्युका अगदी बुंध्याशी दिसले आणि दुसऱ्यात ते बरेच वर, कवच नसलेल्या इतर प्रजातींच्या घोळक्यात दिसले. दोन्ही वृक्ष जनुकांवरूनच काढलेले आहेत. मग खरे कोणते मानायचे? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : तुमचा प्रश्न या सबंध विषयाच्या मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून त्याला जरा अधिक जागा देतो.

जनुके येण्यापूर्वी नॉक्टिल्युकाला बुंध्याशी बसवण्याचे कारण त्याच्या केंद्रकात होते. बहुतेक डायनोफ्लॅजेलेटांची गुणसूत्रे पेशीविभाजन नसतानाही आवळलेल्या, दाट अवस्थेत राहतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोऱ्याच्या गुंड्यांसारखी दिसतात. आपल्या पेशींत डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, तशी नेहमीची गुंडाळीही त्यांच्यात आढळत नाही. या वैचित्र्यामुळे १९६० च्या दशकात असा विचार पुढे आला की हे केंद्रक जीवाणू आणि प्रगत पेशी यांच्या मधल्या पायरीवरचे असावे. नॉक्टिल्युकाच्या पूर्ण वाढलेल्या पेशीत गुणसूत्रे अशी आवळलेली नसतात. म्हणून ते गटापासून लवकर फुटले असावे, असे मानणे सोयीचे वाटले. जनुकांच्या वृक्षाने मधल्या पायरीची कल्पना पार मोडीत काढली, कारण डायनोफ्लॅजेलेट ज्यांच्या कुशीत बसतात त्या रोमकधाऱ्यांची आणि प्लाझमोडियमची केंद्रके नेहमीच्या घडणीची आहेत. म्हणजे हे विचित्र केंद्रक आदिम नाही, नेहमीच्या केंद्रकापासून ते मागाहून घडले आहे. या वंशाने एका विशिष्ट टप्प्यावर विषाणूंच्या प्रथिनांशी साम्य असलेली वेगळीच प्रथिने डीएनएच्या बांधणीसाठी वापरायला घेतली, हे २०१२ पासून माहीत आहे.

पण नॉक्टिल्युकाची जागा मात्र रायबोसोमच्या एका जनुकाने ठरेना. घेतलेल्या प्रजाती बदलल्या, गणिताची पद्धत बदलली, की ते जागा बदलू लागले. तुम्ही पाहिलेले दोन वृक्ष या काळातले असावेत. कारण समजून घ्यायचे तर आधी ऑक्सिरिस मरीना या त्याच्या शेजाऱ्याकडे पाहणे बरे. ऑक्सिरिसचे हे जनुक इतर डायनोफ्लॅजेलेटांच्या मानाने फार वेगाने बदललेले आहे. वृक्षात अशा वंशाची फांदी खूप लांब येते. अक्षरे तर चारच आहेत. त्यामुळे दोन लांब फांद्यांवर स्वतंत्रपणे झालेले बदल निव्वळ योगायोगानेही वारंवार एकाच अक्षरावर येऊन थांबतात, आणि संगणक त्या योगायोगाला रक्ताचे नाते समजून दोन्ही फांद्या एकत्र बांधतो. जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी हा धोका १९७८ मध्येच गणिताने दाखवून दिला होता. ऑक्सिरिसच्या बाबतीत नेमके हेच घडले. रायबोसोमच्या जनुकावरून काढलेल्या वृक्षात ते गोनियोलॅक्स आणि त्याच्या कवचधारी आप्तांच्या घोळक्यात जाऊन बसले, कारण त्यांचेही हे जनुक वेगाने बदलणारे आहे. २००३ मध्ये अ‍ॅक्टिन आणि ट्युब्युलिन या प्रथिनांच्या अनुक्रमांवरून वृक्ष काढले, तेव्हा ते तिथून निघाले आणि गटाच्या आरंभीच्या फांदीवर आले.

इथे एक सावधगिरी विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. फांदीच्या सांध्यावर छापलेला बूटस्ट्रॅपचा आकडा म्हणजे ती फांदी खरी असण्याची टक्केवारी नव्हे. हाती असलेल्या अनुक्रमांचे स्तंभ यदृच्छेने पुन्हा पुन्हा उचलून वृक्ष काढले, तर तीच फांदी किती वेळा येते, एवढेच तो आकडा सांगतो. माहितीतच पद्धतशीर दोष असेल, तर चुकीची फांदीही शंभरातून पंचाण्णव वेळा येऊ शकते. एकाच खोट्या साक्षीदाराला शंभर वेळा विचारल्याने साक्ष खरी ठरत नाही. त्यासाठी निरनिराळे साक्षीदार लागतात आणि प्रत्येकाचा स्वभाव जाणून त्याचे म्हणणे तोलावे लागते.

ते साक्षीदार २०१४ नंतर मिळाले. समुद्री सूक्ष्मजीवांच्या साडेसहाशेहून अधिक नमुन्यांतील संदेशवाहक आरएनएचे अनुक्रम एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने त्या वर्षी सर्वांसाठी खुले केले आणि त्यांत डायनोफ्लॅजेलेटांचा वाटा मोठा होता. त्या व नव्या माहितीच्या आधारे यान यानोउश्कोव्हेत्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अनेक प्रथिने एकत्र जोडून वृक्ष काढला. त्यात पर्किन्ससनंतर ऑक्सिरिस, मग इतर समुद्री जीवांना पोखरणारा सिंडिनियलीज हा परजीवी गट, आणि त्यानंतर नॉक्टिल्युका अशा फांद्या फुटतात, आणि उरलेले सगळे मुख्य डायनोफ्लॅजेलेट त्यापुढे येतात. म्हणजे बुंध्याजवळचा वृक्ष सत्याला अधिक जवळचा होता. पण केंद्रकावरून तो काढणाऱ्यांचा तर्क मला तरी अपुरा वाटतो, कारण आयुष्याच्या एकाच अवस्थेतील एका लक्षणावर त्यांचा सगळा भार होता. त्याच वृक्षात सेल्युलोजच्या ताटल्यांचे कवच एकदाच उत्क्रांत झाल्याचे दिसले. विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स कोफॉइड यांनी ताटल्यांना क्रमांक देण्याची जी पद्धत घातली, ती वर्गीकरणात आजही उपयोगी का पडते, याचे उत्तर त्या एका उगमात आहे.

प्रोरोसेंट्रमचे उदाहरणही या संदर्भात तुम्हाला उपयोगी पडेल. त्याला कमरेची खोबणी नाही, शिंपल्यासारखे दोन मोठे पाळे तेवढे आहेत. या साधेपणामुळे त्याला पूर्वी पूर्वजाच्या जागी बसवत असत. अनुक्रमांनी ते कवचधाऱ्यांच्या ऐन मध्यात बसते, म्हणजे त्याचा साधेपणा मागाहून आलेला आहे.

प्रश्न : एवढे जोडजनुकांचे खटाटोप करण्यापेक्षा सगळ्या प्रजातींचे संपूर्ण जीनोमच का वाचत नाहीत? (एक संगणक अभियंता, पुणे)

उत्तर : त्यांच्या आकारामुळे. माणसाचा जीनोम सुमारे ३ अब्ज अक्षरांचा आहे, तर काही डायनोफ्लॅजेलेटांच्या एका पेशीत २०० अब्जांहून अधिक अक्षरे भरतात आणि त्यांत पुनरावृत्ती फार असते. प्रवाळांत राहणाऱ्या प्रजातींचे जीनोम या गटात तुलनेने लहान, म्हणून पहिला मसुदाही त्यांच्यापैकीच एकाचा, २०१३ मध्ये ओकिनावातून आला. दुसरा मार्ग संदेशवाहक आरएनएचा, आणि त्यात निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. डायनोफ्लॅजेलेट आपल्या संदेशांच्या सुरुवातीला एकच ठराविक २२ अक्षरांचा तुकडा जोडतात. हे २००७ मध्ये स्पष्ट झाले. पाण्याच्या मिश्र नमुन्यातून त्या तुकड्याच्या खुणेने फक्त त्यांचेच संदेश निवडता येतात. नॉक्टिल्युकासारख्या खादाड जीवाच्या बाबतीत हे फार कामाचे आहे, कारण त्याच्या पोटात करंजके (डायटम नावाची एकपेशीय शैवाले) आणि इतर प्राण्यांची अंडी असतात आणि निष्काळजीपणे वाचलेला अनुक्रम त्याच्या जेवणाचाही निघू शकतो.

प्रश्न : डायनोफ्लॅजेलेट वनस्पती की प्राणी? हरितलवकांच्या जनुकांवरून त्यांचे नाते का काढू नये? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ते या दोन्ही कुळांतले नाहीत. साधारण निम्म्या प्रजाती प्रकाशसंश्लेषण करतात, बाकीच्या शिकार करतात किंवा परजीवी आहेत, आणि पुष्कळ जणी दोन्ही करतात. हरितलवकांवरून नाते काढता येते, पण ते हरितलवकाचे नाते असते. दत्तक आलेल्या मुलाच्या जन्मघराण्याचा कुलवृत्तांत लिहून दत्तक घेणाऱ्या घराण्याचा इतिहास हाती येत नाही, तसेच हे आहे.

या गटाचे मूळ हरितलवक लाल शैवालाच्या वंशातले आहे. त्याला तीन आवरणे असतात आणि पेरिडिनिन नावाचे तांबूस रंगद्रव्य त्यात असते. त्याची जनुकव्यवस्था इतर कोणासारखी नाही : १९९९ मध्ये असे आढळले की एका मोठ्या वर्तुळाऐवजी तिथे दोन-तीन हजार अक्षरांची चिमुकली वर्तुळे आहेत आणि बहुधा प्रत्येकावर एकच जनुक आहे. पण काही वंशांनी हे हरितलवक टाकून दुसऱ्याचे घेतले. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मासे मारणाऱ्या कॅरेनिया ब्रेव्हिसच्या घराण्याने ते हॅप्टोफाइट शैवालाकडून घेतले, लेपिडोडिनियमने हिरव्या शैवालाकडून, तर क्रिप्टोपेरिडिनियमच्या पोटात अख्खे करंजक आपल्या केंद्रकासह नांदते आहे. डायनोफायसिस तर उसनवारीवरच चालते. मेसोडिनियम नावाचा रोमकधारी क्रिप्टोफाइट शैवालाची हरितलवके पळवतो आणि डायनोफायसिस ती मेसोडिनियमकडून शोषून घेते. २००६ मध्ये हा क्रम उलगडल्यावरच तिला प्रयोगशाळेत वाढवता आले.

अरबी समुद्रात हिवाळ्यात पाणी हिरवे करणाऱ्या नॉक्टिल्युकाविषयी गोव्याच्या वाचकांना कुतूहल असणार. त्याला स्वतःचे हरितलवक नाही. त्याच्या पेशीतील पोकळीत हिरव्या जीवांच्या हजारो सजीव पेशी पोहत असतात. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी या बहरांवर केलेले काम महत्त्वाचे आहे. त्या हिरव्या पाहुण्यांची जनुके वाचून नॉक्टिल्युकाचे गोत सांगू गेल्यास उत्तर पूर्ण चुकेल.

प्रश्न : मी मालवणला पर्यटकांना पाण्याखालचे प्रवाळ दाखवतो. प्रवाळात राहणाऱ्या शैवालाचे नाव सिंबायोडिनियम असे शिकलो होतो. आता नव्या माहितीपत्रकांत क्लॅडोकोपियम, ड्युरुसडिनियम अशी नावे दिसतात. नावे सारखी बदलून काय साधते? (एक पाणबुडा, मालवण)

उत्तर : आपली तक्रार समजण्यासारखी आहे, पण या बाबतीत बदल करणे भाग होते. १९६२ मध्ये सिंबायोडिनियम हे नाव दिले तेव्हा जगभरच्या प्रवाळांत एकच प्रजाती राहते असा समज होता, कारण प्रवाळाच्या आत या पेशी नुसत्या तपकिरी गोळ्यांसारख्या दिसतात. १९९१ मध्ये रोवन आणि पॉवर्स यांनी रायबोसोमची जनुके तपासली तेव्हा त्या एकसारख्या गोळ्यांत फार दूरदूरचे वंश निघाले. अनेक वर्षे त्यांना नुसती ए, बी, सी, डी अशी अक्षरे देऊन काम भागवले गेले. २०१८ मध्ये टॉड लाजुनेस आणि सहकाऱ्यांनी त्यांचे सात वंशांत विभाजन करून प्रत्येकाला नाव दिले, आणि या कुळाचा उगम पूर्वी मानला होता त्याहून खूप मागे, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉरांच्या काळात नेला.

आपल्या कामाशी याचा थेट संबंध आहे. समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातले हे सोबती गमावतात आणि पांढरे पडतात. डी हे अक्षर असलेला वंश उष्णता तुलनेने अधिक सोसतो, म्हणून त्याच्या नावात चिवट या अर्थाचा लॅटिन शब्द आहे : ड्युरुसडिनियम. सगळ्यांना एकाच नावाने हाक मारत राहिलो असतो, तर एक प्रवाळ का टिकला आणि शेजारचा का मेला, हा प्रश्न नीट विचारताही आला नसता.

नावांचा खरा गोंधळ पाहायचा असेल तर तो अलेक्झांड्रियममध्ये आहे. शिंपले विषारी करणाऱ्या या वंशातील तीन प्रजाती, पेशी साखळीने राहतात की नाही आणि एका ताटलीवर बारीक छिद्र आहे की नाही, यावरून ओळखत असत. अनुक्रमांनी दाखवले की ही दोन्ही लक्षणे नात्याशी जुळत नाहीत. २०१४ मध्ये पाच गटांना पाच नावे दिली गेली. त्यांपैकी पहिल्या गटाचे फंडिएन्से हे नाव १९८५ चे, तर त्याच गटाला लागू पडणारे कॅटेनेला हे नाव १९३६ चे होते. जुन्या नावाला मान देण्याच्या नियमानुसार आता कॅटेनेला वापरतात.

प्रश्न : असा वंशवृक्ष घरच्या संगणकावर काढून पाहता येईल का? (बारावीचा विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : नक्की येईल, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. जेनबँक या सार्वजनिक संग्रहातून रायबोसोमच्या लहान घटकाच्या जनुकाचे पंधरा-वीस अनुक्रम उतरवून घ्या. त्यांत नॉक्टिल्युका, ऑक्सिरिस, प्रोरोसेंट्रम, अलेक्झांड्रियम, कॅरेनिया आणि सिंबायोडिनियम असू द्या. बाहेरचे नातलग म्हणून प्लाझमोडियम आणि पॅरामेशियमही घ्या, कारण त्यांच्यावाचून वृक्षाचे मूळ कोणत्या बाजूला आहे हे कळणार नाही. अनुक्रम एकमेकांखाली जुळवण्यासाठी माफ्ट आणि वृक्ष काढण्यासाठी आयक्यू-ट्री हे दोन्ही कार्यक्रम विनामूल्य मिळतात. जुळवणी झाल्यावर ती डोळ्यांनी नीट पाहा. जिथे अक्षरे ओढूनताणून बसवल्यासारखी वाटतील तो भाग वगळा. मग वृक्ष दोनदा काढा, एकदा ऑक्सिरिस धरून आणि एकदा ते वगळून, आणि बाकीच्यांपैकी कोण जागेवरून हलले ते वहीत लिहून ठेवा. दोन्ही वृक्ष आमच्याकडे पाठवलेत तर पुढील अंकात त्यांवर लिहीन.